ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी घरचा डबा उघडा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील संगणकाच्या दुकानात जाऊन ग्राफिक्स कार्ड मागितले, की समोरून पहिला प्रश्न येतो तो ‘बजेट किती?’ हाच, आणि गिऱ्हाईकही ठरवूनच आलेले असल्यामुळे ३० किंवा ४० हजारांचा आकडा सांगून मोकळे होते. तिथून पुढे सगळे बोलणे कार्डांच्या नावांभोवती फिरत राहते. उद्यमनगरात लेथ घेणारा माणूस असे कधी करत नाही; शेडचा दरवाजा किती रुंद आहे, विजेचा मंजूर भार किती आहे आणि मशीनवर कोणता जॉब काढायचा आहे हे तो आधी पाहतो, कॅटलॉग नंतर उघडतो. ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीतही हाच क्रम बरोबर आहे, कारण एकच कार्ड एका घरात सुरेख चालते आणि शेजारच्या घरात अडखळते. हा लेख पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्यांसाठी असून त्यात ‘मध्यम किमतीचे’ म्हणजे ढोबळमानाने २५ ते ५० हजार रुपयांच्या पट्ट्यातील कार्ड, असे धरले आहे.

पहिली पायरी: स्क्रीन पाहावी

कार्डाचे काम म्हणजे स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवणे. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर असे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात, २५६० बाय १४४० च्या स्क्रीनवर सुमारे ३६ लाख ८६ हजार आणि ज्याला फोर-के म्हणतात त्या स्क्रीनवर सुमारे ८२ लाख ९४ हजार. म्हणजे १०८० वरून १४४० वर जाताच कार्डावरचे काम जवळजवळ पावणेदोन पट होते, आणि फोर-केवर ते चौपट होते. मध्यम किमतीच्या कार्डाने १०८० आणि १४४० या दोनच पातळ्यांचा विचार करावा. फोर-के टीव्हीला जोडून नवे खेळ पूर्ण सेटिंगवर चालवण्याची अपेक्षा या किमतीत ठेवू नये.

मॉनिटरचा रिफ्रेश रेटही इथेच पाहून घ्यावा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. कार्डाने १४० काढली, तरी डोळ्यांपर्यंत ६० च पोहोचतात. घरात अजून जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर कार्डाच्या बजेटमधून काही हजार काढून आधी १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेणे मला जास्त शहाणपणाचे वाटते. शिवाय आपल्याकडच्या कित्येक घरांत निळ्या व्हीजीए केबलचे मॉनिटर अजून वापरात आहेत आणि नव्या कार्डांवर ते पोर्ट मुळीच नसते, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढेच असते.

कोणते खेळ खेळायचे आहेत हेही कागदावर लिहून काढावे. ज्याचा सगळा वेळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये जातो, त्याला ४५ हजारांच्या कार्डाची गरज नसते, कारण या खेळांत बहुतेक वेळा प्रोसेसरच आधी दमतो. उलट ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा डिसेंबर २०२४ मध्ये आलेला खेळ रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून सावल्या आणि प्रतिबिंबे काढण्याची, सोय असलेल्या कार्डाशिवाय चालू शकत नाही आणि त्याची अधिकृत किमान गरज ८ जीबी मेमरीची आहे.

दुसरी पायरी: डबा उघडावा

आपल्याकडे संपूर्ण डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. त्या सीपीयूची बाजूची पत्री काढून आत पाहणे ही खरेदीतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तीच बहुतेक जण टाळतात. वीज बंद करून, प्लग काढून, दोन स्क्रू सोडवून पत्री मागे सरकवावी आणि शिवणकामाची टेप घेऊन बसावे. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून समोरच्या पंख्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. दोन पंख्यांची कार्डे साधारण २०० ते २५० मिलिमीटर लांब असतात, तर तीन पंख्यांची कित्येकदा ३०० च्या पुढे जातात. जुन्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा नेमका याच वाटेत उभा असतो. जाडीही विसरू नये, कारण आजची बहुतेक कार्डे मदरबोर्डवरील दोन किंवा अडीच स्लॉटची (खाचांची) जागा खातात आणि खालच्या स्लॉटमधील वायफायचे छोटे कार्ड त्याखाली दबून जाते.

यानंतर एसएमपीएसकडे, म्हणजे संगणकाच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळावे. इथे मी स्वतः ठेच खाल्लेली असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो. माझे पहिले बऱ्यापैकी कार्ड घरी आणून बसवले, तेव्हा खेळ सुरू झाल्यावर दहाएक मिनिटांत संपूर्ण संगणक खट्कन बंद पडायचा. पडद्यावर काही संदेश नाही, काही नाही. कार्ड सदोष आहे असे समजून मी दुकानात दोन फेऱ्या मारल्या आणि दुकानदाराने एकदा कार्ड बदलूनही दिले, पण दोष कार्डात नव्हताच. एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते, आणि त्याच्याच कडेला चिकटवलेल्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली १७ अँपिअर असे बारीक अक्षरांत लिहिलेले होते. १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॉट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोघेही प्रामुख्याने या १२ व्होल्टच्या लाइनवरच जगतात, त्यामुळे त्या डब्याची खरी ताकद ४५० नसून २०४ होती.

म्हणून एसएमपीएसवरील मोठा आकडा सोडून त्या तक्त्यातील १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत आणि १२ ने गुणावेत. एनव्हिडियाने आरटीएक्स ५०६० साठी ५५० वॉट, आरटीएक्स ५०६० टीआयसाठी ६०० वॉट आणि आरटीएक्स ५०७० साठी ६५० वॉट अशी एसएमपीएसची शिफारस केली आहे, आणि हे आकडे चांगल्या प्रतीच्या एसएमपीएसचे आहेत, कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्याचे नव्हेत. कार्डाला वीज देणाऱ्या केबलही मोजाव्यात: मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत वीज देतो, ६ पिनची केबल आणखी ७५ आणि ८ पिनची केबल १५० वॉट देते. आपल्या एसएमपीएसमधून ‘६+२’ अशी, म्हणजे ६ किंवा ८ पिनची म्हणून लावता येणारी केबल येत नसेल, तर मोलेक्सपासून (जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या केबलपासून) बनवलेले जोड लावून वेळ मारून न्यायचा मोह टाळावा आणि कार्डाच्या बजेटमध्ये ८० प्लस प्रमाणित एसएमपीएसची रक्कम धरूनच हिशेब करावा. जुन्या पेठेतील घरांत वायरिंग आणि अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घेणे बरे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे.

तिसरी गोष्ट प्रोसेसर. घरात एखादे जुने कार्ड आधीच असेल, तर एक सोपी परीक्षा करता येते. नेहमीचा खेळ चालू ठेवून त्याचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे आणि फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला निघणाऱ्या चित्रांचा आकडा पाहावा. तो चांगला वाढला, तर अडथळा कार्डाचा आहे आणि नवे कार्ड घेतल्याचे चीज होईल. तो जागचा हलला नाही, तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि कितीही मोठे कार्ड आणले तरी त्या खेळात फरक दिसणार नाही. रॅम एकाच पट्टीत ८ जीबी असेल, तर तशीच दुसरी पट्टी शेजारी बसवून पाहावे.

मदरबोर्डबद्दल एक बारकावा आहे, आणि आपल्याकडच्या पुष्कळ संगणकांना तो लागू पडतो. २०२१ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा होता, तेव्हा अनेकांनी ‘कार्ड नंतर घेऊ’ म्हणून स्वतःचेच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घेतला. या प्रोसेसरकडून कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड आणि संगणक यांच्यामधील जोडणीची) तिसरी पिढीच मिळते, मदरबोर्ड चौथ्या पिढीचा असला तरीही. बी४५० मदरबोर्ड आणि इंटेलच्या १० व्या पिढीपर्यंतचे संगणकही तिसऱ्याच पिढीचे. याचा मेमरीशी काय संबंध, ते पुढच्या पायरीत येते.

तिसरी पायरी: मेमरी समजून घ्यावी

कार्डावर स्वतःची मेमरी असते, तिला व्हीरॅम म्हणतात. भिंतींचे पोत, माणसांचे चेहरे, सावल्या असा खेळातील सगळा माल त्या मेमरीत हाताशी मांडून ठेवलेला असतो. आरटीएक्स ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माल उचलू शकते. हा आकडा कसा येतो हेही पाहून ठेवावे: बसची, म्हणजे मेमरीतून माल नेणाऱ्या वाटेची रुंदी १२८ बिट, मेमरीचा वेग २८ गिगाबिट, त्यांचा गुणाकार भागिले ८. मेमरी भरून गेली, की उरलेला माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातो आणि लागेल तसा स्लॉटच्या वाटेने आणावा लागतो. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे स्लॉटमधील १६ पैकी ८ च मार्गिका वापरतात. चौथ्या पिढीच्या स्लॉटवर या ८ मार्गिकांतून सेकंदाला साधारण १६ जीबी माल जातो, आणि तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर फक्त ८ जीबी. कुठे ४४८ आणि कुठे ८. खेळ दोन मिनिटे सुरळीत चालून वळणावर एकदम अडकतो, पुन्हा चालतो, पुन्हा अडकतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते, आणि ते सरासरी फ्रेमच्या आकड्यात दिसतही नाही.

म्हणूनच चाचण्यांचे तक्ते पाहताना सरासरीच्या शेजारचा ‘१ टक्का लो’ हा आकडा वाचावा; सर्वांत मंद निघालेल्या १ टक्का फ्रेमांचा वेग तो सांगतो. सरासरी ९० आणि १ टक्का लो ७० असलेले कार्ड हे सरासरी १०० आणि १ टक्का लो ३५ असलेल्या कार्डापेक्षा हाताला कितीतरी चांगले लागते.

माझे मत स्पष्ट आहे. १०८० च्या स्क्रीनवर ८ जीबी आज चालते, पण काही नव्या खेळांत पोत ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’ किंवा ‘मीडियम’वर आणावे लागतात, म्हणून कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल, तर १२ किंवा १६ जीबीसाठी पैसे मोजावेत. १४४० च्या स्क्रीनसाठी ८ जीबीचे नवे कार्ड घेऊच नये. घरचा संगणक तिसऱ्या पिढीच्या स्लॉटचा असेल, तर हा नियम आणखी कडकपणे पाळावा.

मात्र मेमरीचा आकडा हीच ताकद, असेही समजू नये. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून जीटी ७३० गळ्यात मारल्याची उदाहरणे सगळ्यांनीच पाहिली आहेत. ते कार्ड खेळांसाठी नाहीच. मोठी पेटी असून दाराशी एकच हमाल असावा, तसा तो प्रकार.

चौथी पायरी: आता नावे

नावांत फसगत होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. आरटीएक्स ३०५० ही ८ जीबीची आणि ६ जीबीची अशी दोन्ही मिळते, पण ६ जीबीच्या कार्डात फक्त मेमरीच कमी नाही, गणन करणारे कोअरही कमी आहेत आणि बसही १२८ ऐवजी ९६ बिटची आहे. आरटीएक्स ३०६० चेही १२ जीबी आणि ८ जीबी असे दोन प्रकार आहेत आणि ८ जीबीचा प्रकार बसच्या रुंदीतही मार खातो. तेव्हा बिलावर नुसते मॉडेल न लिहून घेता मेमरीसकट पूर्ण नाव लिहून घ्यावे.

आजच्या पिढीतील मध्यम किमतीची नावे मोजकीच आहेत. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आले. त्यात १२ जीबी मेमरी आणि १९२ बिटची बस मिळते, जी त्या वेळी या किमतीत दुसरे कोणी देत नव्हते. पण त्याला मदरबोर्डवर रिसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू असावी लागते आणि जुन्या किंवा मंद प्रोसेसरसोबत ते स्वतःची ताकद दाखवू शकत नाही, म्हणून सहा-सात वर्षे जुन्या संगणकात ते घालू नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला आले: ८ जीबी, १४५ वॉट, विजेला हलके. आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ चे असून त्याचे ८ जीबीचे रूप ३७९ आणि १६ जीबीचे रूप ४२९ डॉलरचे होते. यातील ८ जीबीचे रूप मला निरर्थक वाटते, कारण कार्डाच्या ताकदीला ती मेमरी पुरत नाही. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५ मध्ये ८ जीबीला २९९ आणि १६ जीबीला ३४९ डॉलर अशा किमतींनी आले. हे कार्ड १६ च्या १६ मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवरही त्याची फारशी कोंडी होत नाही, आणि घरी ५६००जी असलेल्याला मी डोळे झाकून याचेच १६ जीबीचे रूप सुचवतो. आरटीएक्स ५०७० हे १२ जीबीचे आणि २५० वॉटचे कार्ड मार्च २०२५ मध्ये ५४९ डॉलरला आले. ते आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला किंवा त्याच्या पलीकडेच पडते.

डॉलरचे हे आकडे अमेरिकेतील असून त्यांत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडे १८ टक्के जीएसटी, आयातदार आणि वितरक यांची भर पडते, म्हणून डॉलरला रुपयाच्या दराने गुणून दुकानदाराशी वाद घालू नये. हे आकडे कार्डांची आपापसांत तुलना करण्यापुरतेच वापरावेत. दोन कार्डांतील डॉलरमधला फरक लहान आणि रुपयांतला फरक अवाच्या सवा असेल, तर मात्र दुसरे दुकान बघावे.

एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर यांच्याविषयी थोडक्यात. या सोयी खेळ कमी रिझोल्यूशनवर काढून तो मोठा करून दाखवतात. १४४० च्या स्क्रीनवर ‘क्वालिटी’ निवडले, तर आतले चित्र साधारण १७०७ बाय ९६० चे असते. नव्या पिढीत ही चित्रे इतकी सफाईदार झाली आहेत की त्या सोयी वापरण्यात कमीपणा मानू नये. एएमडीची सुधारित एफएसआर ४ आरएक्स ९००० मालिकेसाठी आली, तर डीएलएसएस अधिक खेळांत उपलब्ध आहे. ‘फ्रेम जनरेशन’ ही निराळी गोष्ट आहे: दोन खऱ्या फ्रेमांच्या मध्ये ती बनावट फ्रेम घालते, आकडा फुगतो, पण माउस हलवल्यावर प्रतिसाद मिळण्याचा वेळ कमी होत नाही आणि तीही व्हीरॅम खाते. मुळात ५०-६० फ्रेम मिळत असतील तरच ती चालू करावी. जाहिरातीतील तिप्पट-चौपट वेगाचे स्तंभ याच फ्रेमांनी उंच झालेले असतात.

पाचवी पायरी: खरेदी

ऑनलाइन आणि दुकान यांतील भाव दोन्हीकडे पाहावेत, पण हजार-दीड हजारांचा फरक असेल तर मी गावातील दुकान पसंत करतो. बहुतेक कार्डांवर ३ वर्षांची वॉरंटी असते. पण कार्ड बिघडल्यावर ते कोण कुठे पाठवणार, हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा. सर्व्हिस सेंटर पुण्याला किंवा मुंबईला असेल, तर दुकानदार स्वतः कुरिअर करणार की गिऱ्हाइकाने पेटी घेऊन एसटी पकडायची, हे तिथेच बोलून घ्यावे. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ या वाक्याला भुलू नये. बिलावर सीरियल नंबर असावा आणि तो कार्डावरच्या स्टिकरशी जुळवून पाहावा. पेटी उघडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवावा.

जुने कार्ड घेण्यात गैर काही नाही, पण हातात घेऊन, चालवून, मगच घ्यावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची मायनिंग (कार्डांवर गणिते चालवून ते चलन कमावणे) बंद पडल्यावर दिवसरात्र राबवलेली अनेक कार्डे बाजारात उतरली आणि ती अजून फिरत आहेत. विकणाऱ्याच्या घरी जाऊन जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरने कार्डाची खरी ओळख तपासावी, निदान अर्धा तास एखादा जड खेळ चालवावा, पंख्यांची घरघर ऐकावी आणि स्क्रू उघडलेले आहेत का ते पाहावे. जीटीएक्स १०६०, १०७० आणि १०८० ही एकेकाळची गाजलेली कार्डे आता कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावीत, कारण २०२५ च्या ऑक्टोबरनंतर एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवले आहे.

कार्डाची पेटी आणि आतला फोम टाकून देऊ नये. वॉरंटीसाठी पाठवताना ती लागतेच. शिवाय पंचगंगेच्या काठच्या भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांना तिचा दुसराही उपयोग आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की घरातील माणसे आधी धान्य आणि कागदपत्रे वर नेतात. त्याच फेरीत कार्ड काढून पेटीत घालून वर नेणे पाच मिनिटांचे काम आहे.

सहावी पायरी: बसवल्यानंतरची पहिली संध्याकाळ

जुन्या कार्डाचे ड्रायव्हर काढून टाकावेत, प्लग काढावा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी आणि मगच कार्ड हातात घ्यावे. स्लॉटच्या टोकाची कळ ‘कट्’ असा आवाज करून बसली पाहिजे आणि विजेची केबल तळापर्यंत आत गेली पाहिजे. स्क्रू घट्ट केल्यावरही लांब कार्ड एका बाजूने झुकत असेल, तर खालून आधार द्यावा. मॉनिटरची केबल मदरबोर्डवरील जुन्या पोर्टमधून काढून कार्डाच्या पोर्टमध्ये लावावी. ही चूक इतकी सर्वत्र होते की ‘नवीन कार्डाने काहीच फरक पडला नाही’ अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा संगणकाच्या मागे वाकून पाहतो. नंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून १४४ किंवा १६५ वर न्यावा, कारण तो आपोआप बदलेलच असे नाही.

त्याच संध्याकाळी एखादा जड खेळ सलग तासभर चालवावा आणि कोपऱ्यात तापमान दिसू द्यावे. ६५ ते ८० अंश सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट आहे. आकडा ८५ च्या वर चिकटून राहिला, तर कॅबिनेटची पत्री काढून पुन्हा पाहावे. पत्री काढल्यावर तापमान उतरले, तर दोष कार्डाचा नसून हवा खेळती नसल्याचा आहे आणि समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा बसवला की काम भागते. पत्री काढूनही उतरले नाही, तर बिल आणि पेटी घेऊन दुसऱ्याच दिवशी दुकान गाठावे.